रिव्हरवर ‘शो’ मागायची खोड

सप्रेम नमस्कार,

राजारामपुरीत आम्ही सहा जण दर शनिवारी जेवणं झाल्यावर टेक्सस होल्डेम हा पोकरचा प्रकार खेळतो: प्रत्येकाच्या हातात दोन पानं, मध्ये (बोर्डवर) सगळ्यांची पाच उघडी, आधी तीन (फ्लॉप), मग चौथं (टर्न), मग पाचवं (रिव्हर). पैसे लावत नाही. प्रत्येकाला १०,००० चिप्स, ब्लाइंड (पानं बघण्याआधी दोघांनी टाकायच्या सक्तीच्या चिप्स, स्मॉल आणि बिग) ५०-१००, महिन्याचे गुण वहीत, आणि महिनाअखेर जो तळाला राहील त्यानं सगळ्यांना तांबडा-पांढरा घालायचा. आम्ही सगळे मूळचे तीन पत्तीवाले.

रिव्हरपर्यंत माझं बरं चालतं. पाचवं पान पडलं आणि समोरच्यानं मोठी बेट केली की डोकं बंद पडतं. कॉल केला (तेवढ्याच चिप्स टाकल्या) की समोर सेट (एकाच आकड्याची तीन पानं) निघतो, पॅक केलं (पानं टाकली) की समोरचा हसत रिकामा हात दाखवतो. गेल्या शनिवारचाच डाव घ्या. मी बिग ब्लाइंडला, हातात बदाम राजा आणि किलवर गुलाम. बटणावरून (शेवटी बोलायच्या जागेवरून) आण्णानं ३०० केले, स्मॉल ब्लाइंडनं पानं टाकली, मी कॉल केला. फ्लॉप आला चौकट गुलाम, चौकट अठ्ठी, किलवर चौकी. मी चेक (बेट न करता पाळी पुढं ढकलली), आण्णा ३५०, मी कॉल. टर्नला इस्पिक दुर्री. मी चेक, आण्णा ९५०, मी कॉल. रिव्हरला बदाम छक्की. मी चेक केलं आणि आण्णानं २,२५० पुढं सरकवले. दोन मिनिटं डोकं खाजवून कॉल केला, तर त्याच्याकडं अठ्ठ्यांची जोडी.

आण्णा तसा सैल, बटणावर असला की दश्शी-नव्वी कुठलीही असो, रेज करतो (बेट वाढवतो). फसलेला (जुळता जुळता राहिलेला) हात घेऊन त्यानं मला रिव्हरला दोनदा उठवलंय, म्हणजे पॅक करायला लावलंय. याउलट आमचे बापू हातात काही असल्याशिवाय बोलतच नाहीत. माझं चुकलं का? जानेवारीत गोव्याला कॅसिनोत जायचं ठरतंय, तिथं ही खोड महागात पडेल. आणि पॅक केल्यावर मित्र म्हणतात, पानं दाखव. दाखवावीत का?

— पाचव्या पानाला घाबरणारा, राजारामपुरी

नमस्कार.

आण्णाकडं तीन अठ्ठ्या निघाल्या हे घडीभर विसरा. कॉल बरोबर होता की नाही, हे पानं उघडण्याआधी तुम्हाला काय दिसत होतं त्यावर ठरतं. आणि दिसत बरंच होतं.

पॉटपासून, म्हणजे मध्ये जमलेल्या चिप्सपासून, सुरुवात करू. फ्लॉपआधी तुमचे ३००, आण्णाचे ३०० आणि स्मॉल ब्लाइंडचे सुटलेले ५०, असे ६५०. फ्लॉपवर ३५०-३५० पडून १,३५० झाले, टर्नवर ९५०-९५० पडून ३,२५०. त्यात आण्णाचे २,२५० आले. म्हणजे मध्ये ५,५०० पडलेत आणि ते मिळवायला तुम्हाला २,२५० मोडायचे आहेत. तुमचा कॉल धरून पॉट ७,७५० होतो. २,२५० भागिले ७,७५० म्हणजे २९ टक्के. शंभर वेळा असा डाव आला आणि २९ वेळा तुम्ही जिंकलात तर ना नफा ना तोटा. आण्णा फक्त २० टक्के वेळा हूल देत असेल (रिकाम्या हातानं बेट करत असेल) तर ५,५०० चे २० टक्के, १,१०० येतात आणि २,२५० चे ८० टक्के, १,८०० जातात. प्रत्येक कॉल सरासरी ७०० चिप्स खातो. तो ४० टक्के वेळा हूल देत असेल तर २,२०० येतात, १,३५० जातात, ८५० पदरात पडतात. पॅकची किंमत दोन्ही वेळा शून्य.

यातली एक गोष्ट पचायला वेळ लागतो. कॉल करण्यासाठी आपण पुढं असल्याची खात्री लागत नाही, निम्मी शक्यतासुद्धा लागत नाही. दहापैकी सात वेळा हरूनही हा कॉल बरोबर ठरतो. म्हणून ‘कॉल केला की सेटच निघतो’ ही तक्रार तुमच्या खेळाबद्दल काहीच सांगत नाही. तसाच आधी घातलेल्या चिप्सचा मुद्दा. या डावात तुम्ही १,६०० घातले होते. ते आता पॉटचे, तुमचे नाहीत. ‘एवढे घातले, आता थोडक्यासाठी कशाला सोडू’ असं मनात आलं की समजा, हिशेब सोडून हळहळ खेळायला बसली.

टेबलावर कॅल्क्युलेटर काढायची गरज नाही. बेट भागिले पॉट अधिक दोन बेट, एवढंच सूत्र, आणि चार-पाच आकडे पाठ केले की काम भागतं. पॉटच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी बेट आली तर पाचात एकदा जिंकायला हवं. अर्ध्या पॉटला चारात एकदा. दोन-तृतीयांश पॉटला सातात दोनदा (आण्णाची बेट जवळपास एवढीच होती). पूर्ण पॉटला तिनात एकदा. दुप्पट पॉटला पाचात दोनदा. मात्र पॉट मनात सतत मोजत राहावा लागतो. रिव्हरला आल्यावर ढिगाकडं बघून अंदाज बांधायला गेलात तर तो चुकतो, आणि बहुधा आपल्याला हवा तसाच चुकतो.

आता हाताकडं. राजा-गुलाम, म्हणजे बोर्डवरच्या सगळ्यांत मोठ्या पानाची जोडी आणि बरं किकर (जोडीसोबतचं पान). दिसायला भक्कम. पण तीन वेळा बेट करून आलेल्या आण्णाकडं रिव्हरला दोनच तऱ्हेचे हात असतात: तुमच्यापेक्षा मोठे, नाहीतर पूर्ण रिकामे. मधले हात, म्हणजे गुलाम-दश्शी किंवा नव्व्यांची जोडी वगैरे, तो चेक करून फुकट बघतो. मग तुमचा राजा-गुलाम हरवणार कुणाला? फक्त हुलीला. तालमीत पोरं पटात शिरायची हूल देऊन ढाक लावतात. ब्लफला आपल्याकडं हाच शब्द चपखल बसतो. रिव्हरवर तुमचा हात हूल पकडायच्या कामाचा आहे, आणि त्या कामाला राजा-गुलाम आणि दश्श्यांची जोडी यांत वाटतो तेवढा फरक नसतो. ‘माझा हात चांगला आहे’ हे कॉलचं कारण होत नाही. समोरून किती हुली येतात, एवढंच मोजायचं.

आणि मोजता येतं. जोडीचे ६ प्रकार असतात. त्यातलं एक पान तुम्हाला कुठंही दिसलं की उरतात ३, दोन दिसली की १. दोन वेगवेगळ्या पानांचे १६ प्रकार, त्यात ४ एकाच चिन्हाचे (तीन पत्तीच्या भाषेत कलरचे) आणि १२ वेगळ्या चिन्हांचे. पानं दिसली असतील तर उरलेल्यांचा गुणाकार करायचा.

आण्णाचे खरे हात मांडू. गुलामांची जोडी: एक गुलाम बोर्डवर, एक तुमच्याकडं, उरला १ प्रकार. अठ्ठ्या ३, चौक्या ३, दुर्र्या ३. (छक्क्यांची जोडी घेऊन टर्नवर ९५० लावणारा विरळा, ती सोडून देऊ.) राण्यांची जोडी ६, एक्क्यांची ६, राजांची ३ कारण एक राजा तुमच्याकडं आहे. एक्का-गुलाम चार गुणिले दोन, म्हणजे ८. पण हा हात घेऊन तिसरी बेट तो निम्म्या वेळाच करेल असं धरू, म्हणजे ४. कलरचे गुलाम-अठ्ठी २. कलरची सत्ती-पंजी ४, रिव्हरच्या छक्कीनं यांचा चार ते आठ सरळ क्रम पूर्ण होतो. बेरीज ३५. त्याच्याकडंही राजा-गुलाम असला तर पॉट वाटून जातो, तो बाजूला ठेवला.

आता फसलेले हात. फ्लॉपवर दोन चौकट होते, पण फ्लश (एकाच चिन्हाची पाच पानं) पुरा करायला लागणारा तिसरा आलाच नाही. चौकटच्या एक्क्यासोबत राजा, राणी, दश्शी, नव्वी, सत्ती, पंजी, तिर्री हे ७. चौकटच्या राजासोबत राणी, दश्शी, नव्वी हे ३. राणीसोबत दश्शी, नव्वी २. दश्शी-नव्वी आणि नव्वी-सत्ती २. असे १४. शिवाय गुलाम-अठ्ठीला दोन्ही बाजूंनी जुळू पाहणारी दश्शी-नव्वी: चौकटची वर धरली, उरली कलरची ३ आणि बिनकलरची १२. एकूण २९ रिकामे हात.

३५ खऱ्या हातांसमोर २९ टक्के भरायला हुली किती लागतात? जिंकायचे ५,५०० आणि मोडायचे २,२५०, हे प्रमाण २२ ला ९. त्या हिशेबानं ३५ ला १४ च्या थोड्या वर. उपलब्ध आहेत २९. म्हणजे अख्खा डाव एका प्रश्नावर येऊन थांबला: फसलेले हात घेऊन आण्णा निम्म्याहून जास्त वेळा तिसरी बेट करतो का? दोन-तृतीयांश वेळा करत असेल तर कॉलला सरासरी ५१० च्या आसपास मिळतात. एक-तृतीयांश वेळाच करत असेल तर ५७० च्या आसपास जातात.

आण्णा बिनकलरच्या दश्शी-नव्वीवरही रेज करतो आणि फसलेला हात घेऊन रिव्हरला मारतो, एवढं तुम्हाला माहीत होतं. त्यावर हा कॉल चूक म्हणता येत नाही. काठावरचा आहे, पण बरोबरच्या बाजूचा. मात्र तो बिनकलरच्या दश्शी-नव्वीवर बटणावरून रेज करत नसता, तर ते १२ प्रकार गळाले असते. उरल्या १७ हुली, आणि त्यातल्या १४-१५ त्यानं माराव्यात तेव्हा कुठं तुमची भरपाई झाली असती. एवढं कुणी मारत नाही. तिथं पॅक. फ्लॉपआधी कोण कुठली पानं घेऊन उतरतो याकडं लक्ष ठेवायचं ते रिव्हरसाठी.

तुमच्या पत्रातला एक तपशील तुम्ही सहज लिहिला असेल, पण तो लाखमोलाचा आहे: राजा बदामचा होता. तो चौकटचा असता तर? चौकटच्या राजाचे चारही फसलेले हात (एक्का-राजा, राजा-राणी, राजा-दश्शी, राजा-नव्वी) आण्णाकडं असूच शकले नसते, कारण तो राजा तुमच्या हातात. हुली २९ वरून २५ वर येतात, खरे हात ३५ च राहतात. निम्म्या धरल्या तर साडेबारा, लागतात चौदाच्या वर. तोच राजा, तोच गुलाम, तोच बोर्ड, आणि कॉलचं पॅक झालं. याउलट तुमचा किलवर गुलाम मदत करतो: त्याच्यामुळं गुलामांची जोडी ३ वरून १ वर आली आणि एक्का-गुलाम १२ वरून ८ वर. नियम असा की आपल्या हातातलं पान समोरच्याचे खरे हात कमी करत असेल तर कॉलकडं झुका, हुली कमी करत असेल तर पॅककडं. फसलेल्या फ्लशच्या बोर्डवर आपल्याकडंही त्याच चिन्हाचं मोठं पान असलं की लोकांना धीर येतो. खरं तर तिथं धीर सुटायला हवा. दश्श्यांची जोडी म्हणूनच इथं राजा-गुलामपेक्षा वाईट. ती दश्शी-नव्वीचे १६ प्रकार ८ वर आणते, आणि एक्का-गुलाम, राजांची जोडी यांना हात लावत नाही.

रिव्हरला बदामऐवजी चौकट छक्की पडली असती तर दोन मिनिटं विचार करायचीही गरज नव्हती. फसलेले १४ चौकट हात एका फटक्यात खऱ्यांच्या बाजूला जातात: ३५ चे ४९. हुलीला उरते १५ प्रकारची दश्शी-नव्वी. ४९ ला २० हुली लागतात. आण्णानं एकही दश्शी-नव्वी न सोडता प्रत्येक वेळी मारलं तरी कॉल तोट्याचा. लोक मात्र नेमका इथंच कॉल करतात, ‘फ्लश लागल्याचं सोंग करतोय’ म्हणून.

बापूंनी हीच २,२५० ची बेट केली असती तर? बापू एक्का-गुलामवर तिसरी बेट करायचे नाहीत, सत्ती-पंजीवर फ्लॉपआधी उतरायचे नाहीत. त्यांचे सेट १०, मोठ्या जोड्या १५, गुलाम-अठ्ठी २, एकूण २७. हुली फार तर चौकटच्या एक्का-राजा, एक्का-राणी, राजा-राणीच्या, म्हणजे ३. तिसात तीन, १० टक्के. कॉल केलात तर दर वेळी सरासरी जवळपास १,४७५ चिप्स बापूंच्या खिशात. राजा-गुलाम मुकाट खाली ठेवायचा. चार वर्षांतून एकदा बापूंनी हूल देऊन तुम्हाला उठवलं तर उठवू द्या, तेवढं तुम्हाला परवडायलाच हवं. पुस्तकी खेळाडू सांगतील की पॉटच्या प्रमाणात किमान इतके हात टिकवलेच पाहिजेत, नाहीतर समोरचा काहीही घेऊन मारेल. या बेटीला तो आकडा ५९ टक्के येतो. सूत्र खरं आहे, पण ते अशा समोरच्यासाठी आहे जो तुमच्या पॅकचा फायदा उठवायला टपलेला असतो. बापू टपलेले नाहीत. ते पानं बघून खेळतात.

तीन पत्तीतून आलेल्या मंडळींची एक अडचण वेगळी आहे. तिथं शेवटी दोघंच उरले की शो मागायची सोय असते. पैसे टाकायचे आणि बघायचं, भोचकपणासाठी चुकता केलेला दर. तोच हात रिव्हरवर जातो: कॉल म्हणजे शो. पण तीन पत्तीत समोरच्याचं एकही पान उघडं नसतं, म्हणून शो मागणं समजू शकतं. होल्डेममध्ये पाच पानं उघडी आणि चार वेळच्या बेटी समोर असताना निव्वळ बघण्यासाठी २,२५० मोडणं म्हणजे पेपर हातात असताना बातमी विचारायला पुण्याला जाणं.

तुमच्या दोन आठवणींबद्दलही सावध करायला हवं. ‘आण्णानं दोनदा उठवलंय’ हे तुम्हाला कळलं कसं? त्यानं पॅकनंतर पानं दाखवली म्हणून. लोक हूल दाखवतात, सेट दाखवत नाहीत. तुम्ही पॅक केलेल्या ज्या वीस डावांत त्याच्याकडं खरा हात होता, ते तुमच्या आठवणीत नाहीतच. म्हणून गुणांच्या वहीत मागच्या बाजूला एक पान करा. फक्त ते डाव लिहा ज्यांत रिव्हरवर बेट झाली आणि कुणीतरी, तुम्ही असा की दुसरा कुणी, कॉल केला. कोण, पॉटच्या किती पट, फ्लॉप-टर्नला बेट होती का, काय निघालं. तीनही वेळा बेट केलेले डाव आणि नुसत्या रिव्हरला मारलेले डाव वेगळे ठेवा, कारण दोन्हींची हुलीची सवय एकाच माणसाचीही सारखी नसते. वीस नोंदी झाल्या तरी त्या आकड्याला कमीत कमी दहाएक टक्के इकडंतिकडं धरावं लागतं. वीसात सहा हुली निघाल्या म्हणजे ३० टक्के असं ठामपणे म्हणता येत नाही, बहुधा २० ते ४० मध्ये काहीतरी, एवढंच म्हणता येतं. पण बापू आणि आण्णा यांच्यातला फरक दिसायला दहा नोंदीही पुरतात.

काही प्रसंगी मात्र मोजणी फार ताणू नका. तुम्ही रिव्हरला बेट केली आणि समोरच्यानं रेज केलं, किंवा चेक करून मग रेज केलं, तर घरगुती टेबलावर ते जवळपास नेहमी खरं असतं. दोन जोड्या असल्या तरी सोडता आल्या पाहिजेत. तिघं रिव्हरपर्यंत आले असतील आणि तुमच्या मागं अजून एकजण बोलायचा असेल तर हूल देणारा दोघांना उठवायला निघालाय असं होतं, हे कमी वेळा घडतं. शिवाय तुम्ही कॉल केल्यावर मागचा रेज करू शकतो. तिथं हात काठावरचा असेल तर पॅक. आणि पॉटच्या चौथाई-तिहाईएवढी बारीक बेट आली की चिडू नका. ती बहुधा मधल्या हाताची, स्वस्तात शो उरकायची असते. भाव पाचात किंवा सहात एकदा, कुठलीही बरी जोडी कॉल करू शकते.

हात जुळत नसलेली गोष्टही कान टवकारायला लावते. फ्लॉपला चेक, टर्नला चेक आणि बिनमहत्त्वाच्या पानावर अचानक पूर्ण पॉट. स्वतःला विचारा: खरा हात असता तर हा दोनदा गप्प बसला असता का? बोर्डवर फ्लश जमू घातला असताना सेटवाला फुकट पानं देत नाही. अशा वेळी खऱ्या हातांची यादी आखडते. मात्र ‘गोष्ट पटत नाही’ एवढ्यावर थांबू नका. तो हात रिकामा असेल तर नेमका कुठला, हे नाव घेऊन सांगता आलं पाहिजे. फसलेला हातच सापडत नसेल तर हूल करणार कशाची?

चेहरे वाचण्याला तिसरं-चौथं स्थान द्या. चिप्स सरकवताना हात थरथरणं हे बहुधा मोठ्या हाताचं लक्षण असतं, भीतीचं नाही. नवखे नेमकं उलटं वाचतात. बाकी पाणी पिणं, खुर्ची सरकवणं, ‘बघ बाबा तुझं तू’ म्हणणं, यावर २,२५० लावू नयेत. मोजणी बरोब्बर काठावर आली तरच यांचं ऐकावं.

सरावाला पैशांचं अ‍ॅप शोधू नका. २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केलेत, त्या वर्षी २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमतीही झाली. साधा पत्त्यांचा कॅट घ्या, पाच पानं मांडा, दोन स्वतःला द्या, आणि कागदावर दोन रकाने करा: समोरच्याचे खरे हात आणि फसलेले. सुरुवातीला एका बोर्डला दहा मिनिटं लागतील. तीसेक बोर्ड झाले की टेबलावर अर्ध्या मिनिटात अंदाज यायला लागतो, आणि तेवढा पुरतो. ३५ की ३७ यानं काही बिघडत नाही, ३५ की २० यानं बिघडतं.

गोव्याला तीन गोष्टी बदलतील. एक, घराचा कट. २,२५० च्या याच डावात कॅसिनोनं पॉटमधून ३०० काढले तर जिंकायला ५,२०० उरतात आणि लागणारी टक्केवारी २९ वरून ३० च्या वर जाते. काठावरचे कॉल तेवढे कमी करायचे. दोन, अनोळखी माणसं. वही नाही, आण्णा नाही. समोरचा कसा आहे ते कळेपर्यंत तीन बेटी मारून आलेल्याला बापू समजा. तशी झालेली चूक स्वस्त पडते. स्पर्धेत बसलात आणि बक्षिसं सुरू व्हायला दोन-तीन खेळाडूच बाद व्हायचे राहिले असतील तर आणखी घट्ट व्हा, कारण तिथं गेलेल्या चिप्सची किंमत आलेल्या चिप्सपेक्षा जास्त असते. तीन, टेबलाचे नियम. तोंडातून निघालेला ‘कॉल’ बांधील असतो, मागं घेता येत नाही. समोर बेट असताना काही न बोलता एकच मोठी चिप टाकली तर बहुतेक कार्डरूममध्ये तो कॉल धरतात, रेज करायचं असेल तर आधी बोलावं लागतं. आणि कॉल केल्यावर घाईनं स्वतःची पानं टाकू नका. रिव्हरला बेट करणाऱ्यानं आधी दाखवायचं असतं. त्यानं ‘तू जिंकलास’ म्हटलं तरी पॉट तुमच्याकडं सरकेपर्यंत पानांवर हात ठेवा. टाकलेली पानं परत जिवंत होत नाहीत.

राहिलं पॅक केल्यावर पानं दाखवायचं. दाखवू नका. राजा-गुलाम टाकलात हे आण्णाला कळलं की पुढच्या शनिवारी तो नव्वी-सत्तीवर तीन बेटी मारेल, आणि बापूंना कळलं तर तेही शिकतील, ते जास्त वाईट. मित्र फारच मागं लागले तर हसून पानं गठ्ठ्यात सरकवा. आण्णा स्वतःहून दाखवतो तेव्हा मात्र नीट बघून घ्या, फ्लॉपआधी त्यानं काय घेऊन रेज केलं होतं ते टिपा, आणि वहीत ही नोंद कॉल झालेल्या डावांत न मिसळता वेगळ्या रकान्यात ठेवा.